दिव्यामागे अंधार

बैलांच्या शिंगांना पलिते बांधून शत्रूला कात्रजचा घाट दाखवल्याची गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. म्हणजे बैलाच्या दिव्याला आपल्या इतिहासात मानाचे पान आहे. आगगाडीच्या दिव्याला आहे, दीपगृहाला आहे, अल्लाउद्दिनाच्या दिव्याची तर पारायणे झाली आहेत. सायकलच्या दिव्याकडे मात्र कोणी ढुंकून पाहिलेले नाही. लोकांनी आपल्याकडे पाहावे एवढ्याचसाठी ज्याचा जन्म, त्याच्याच वाट्याला हे यावे!

ही उणीव भरून काढायला निमित्त झाले ते आमच्या शाखेत बदलून आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याचे. हा गृहस्थ सायकलवर बँकेत येतो आणि रविवारी पहाटे, ज्या वेळी सुसंस्कृत माणसे कूस बदलतात, त्या वेळी सायकल घेऊन टेकडीवर जातो. त्याने एकदा जेवणाच्या सुट्टीत मला विचारले, “रात्री रस्त्यावर चालेल, टेकडीच्या पायवाटेवर चालेल आणि खिशालाही चालेल, असा दिवा कुठला घ्यावा हो?” मोबाइलवर त्याने पन्नासएक दिवे पाहिले होते. एकावर लिहिले होते आठशे लुमेन, दुसऱ्यावर पाच हजार लुमेन. आणि पाच हजारवाला आठशेवाल्याच्या निम्म्या किमतीत होता.

मी कॉमर्सचा पदवीधर. कर्ज मागायला आलेल्या इसमाचा खातेउतारा पाहिल्याशिवाय आम्ही पेनाचे टोपणसुद्धा काढत नाही. मग दिव्याची पत ठरवायची तर त्याचा उतारा नको का पाहायला? तो मी काढला. पहिली नोंद निघाली १८१७ सालची.

त्या साली जर्मनीत कार्ल फॉन द्राइस या गृहस्थाने दोन चाकांची लाकडी गाडी केली. तिला पायडल नव्हते. तिच्यावर बसायचे आणि पायांनी जमीन मागे ढकलत पुढे जायचे. म्हणजे चालण्याचे सगळे कष्ट, शिवाय गाडी सांभाळण्याचे वेगळे. असल्या वाहनावरून रात्री बाहेर पडण्याची हौस फार लोकांना नसणार. दिव्याची खरी निकड लागली ती १८७० नंतर, पुढचे चाक जवळजवळ पाच फूट उंच आणि मागचे ताटाएवढे, अशा त्या सर्कशीतल्या सायकलीच्या जमान्यात. या सायकलीचा स्वार पडायचा तो डोक्यावरच. वाटेतला दगड वेळेवर दिसणे हा त्याच्या दृष्टीने कपाळमोक्षाचा प्रश्न होता.

मग दिवा लावायचा कुठे? तर चक्क चाकाच्या पोटात. पुढच्या चाकाच्या आसाला, दोन बाजूंच्या स्पोकांच्या मधल्या जागेत, रॉकेलचा कंदील लोंबकळत सोडायचा. चाक फिरे, कंदील आपला डुलत राही. बर्मिंगहॅमचे जोसेफ ल्यूकस आणि त्यांचे चिरंजीव हॅरी यांनी १८८० च्या आसपास असा एक कंदील बाजारात आणला आणि त्याचे नाव ठेवले ‘किंग ऑफ द रोड’, म्हणजे रस्त्याचा राजा. वातीएवढी ज्योत, मोठा खड्डा आला की विझायची, आणि नाव राजा! हे जोसेफराव पूर्वी हातगाडीवरून रॉकेल विकत असत. रॉकेल विकणाऱ्याने पुढे रॉकेल पिणारा दिवा विकायला काढावा, याला मी शुद्ध कॉमर्स म्हणतो. गिऱ्हाईक एकदा हातगाडीशी आले की सुटता कामा नये. पुढे याच घराण्याने मोटारींची विजेची उपकरणे विकून मोठे नाव काढले.

पुढे दोन सारख्या चाकांची सायकल आली आणि दिवा हँडलच्या पुढे येऊन बसला. त्याच्या कुशीला दोन रंगीत भिंगे असत, एक तांबडे आणि एक हिरवे, थेट जहाजासारखी. पावसाळ्यातले आपले रस्ते पाहता ही सोय त्यांनी बंद का केली कळत नाही.

आता या उताऱ्यातली एक महत्त्वाची नोंद. १८८८ साली इंग्लंडात स्थानिक स्वराज्याचा एक कायदा झाला. त्याने सायकल ही गाडी आहे हे मान्य केले आणि गाडी झाल्याबरोबर तिला नियम लावला: सूर्यास्तानंतर एक तासापासून ते सूर्योदयापूर्वी एक तासापर्यंत सायकलवाल्याने पेटता दिवा बाळगला पाहिजे. का, तर गाडी येत आहे हे इतरांना समजावे म्हणून. स्वाराला रस्ता दिसावा, याबद्दल कायद्याला काही देणेघेणे नव्हते. म्हणजे बघा, आपण दिवा घेतो ‘मला दिसावे’ म्हणून आणि सरकार तो लावायला लावते ‘तू दिसावास’ म्हणून. ही दोन कामे निरनिराळी आहेत. सायकलच्या दिव्याचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे या दोन कामांची एकाच डब्यात चाललेली भाऊबंदकी आहे.

‘मला दिसावे’ या पक्षाला पहिले मोठे यश मिळाले ते कार्बाईडमुळे. १८९२ साली टॉमस विल्सन नावाचा माणूस अमेरिकेत विजेच्या भट्टीत भलताच धातू करायला गेला आणि हाती आले कॅल्शियम कार्बाईड. त्यावर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो पांढराशुभ्र जळतो. दहा वर्षांच्या आत हा खडा सायकलच्या दिव्यात जाऊन बसला. वरच्या डबीत पाणी, खालच्या डबीत खडे. वरची चावी फिरवून थेंब थेंब पाणी सोडायचे. थेंब कमी पडले की उजेड मंद, जास्त पडले की ज्योतीची मशाल. वर लसणासारखा वास आणि घरी आल्यावर डबीत ओला चुना. पान खाणाऱ्यांनी त्याच्याकडे आशेने पाहू नये. हेच खडे पुढे आपल्याकडे आंबे पिकवायला वापरू लागले. अन्नसुरक्षा कायद्याने त्याला बंदी घातली आहे, पण पेटीतल्या एखाद्या हापूसच्या तोंडावर अजून सायकलच्या दिव्याचे तेज दिसते.

त्यानंतर सेलवरची बॅटरी आली. ती सुटसुटीत होती, पण तिच्या खर्चाची बाजू वाईट. रॉकेल पैशापैशाने घेता येते, सेल अर्धा घेता येत नाही. शिवाय सेल गेला हे तो कधीच आधी सांगत नाही. उजेड आधी पिवळा होतो, मग तांबूस, आणि माणूस ‘अजून आठवडाभर जाईल’ म्हणत राहतो. गेलेले सेल उन्हात ठेवून पुन्हा चालवण्याचा प्रयोग ज्या घरात झाला नाही, ते घर मध्यमवर्गीय नव्हे.

या खर्चावर उतारा म्हणून डायनॅमो आला. फॅरेडेने १८३१ साली लोहचुंबक आणि तारेच्या वेटोळ्यातून वीज काढून दाखवली होतीच. १९२३ साली जर्मनीत बॉश कंपनीने सायकलसाठी डायनॅमोचा दिवा आणला. टायरला गाल लावून फिरणारी ती बाटली सहा व्होल्टवर तीन वॉट वीज देई: सुमारे अडीच वॉट पुढच्या बल्बला, अर्धा वॉट मागच्या. कॉमर्सच्या भाषेत सांगायचे तर भांडवली खर्च एकदाच, चालू खर्च शून्य. पण खर्च शून्य असतो तेव्हा तो कुणाच्या तरी अंगावरून गेलेला असतो. इथे तो पोटऱ्यांवरून जायचा.

आमच्या नानांच्या सायकलला हा डायनॅमो होता. कारखान्यातून रात्रपाळी करून येताना त्याची ती घूंऽऽ अशी कुरकुर गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली की आई पोळीचा तवा चढवायची. चढावर मात्र नाना बाटली चाकावरून उचलून ठेवत. “चढावर एक तर दिवा चालेल, नाही तर मी,” असे त्यांचे म्हणणे. उतारावर उलटा प्रकार. वेग वाढला की वीज वाढायची आणि मागचा बल्ब उडायचा; मग त्याच्या वाटची वीज पुढच्याच्या अंगावर येऊन तोही उडायचा. एकत्र कुटुंबपद्धतीचे सगळे गुणदोष त्या यंत्रात होते. सगळ्यांत गंमत म्हणजे सायकल थांबली की दिवा बंद. म्हणजे चौकात, जिथे चारी बाजूंनी वाहने येतात आणि आपण कोणाला तरी दिसणे अत्यंत आवश्यक, तिथेच अंधार. 

त्या काळी दिव्याशिवाय सायकल हा गुन्हा होता आणि हवालदार चौकाच्या अलीकडे झाडाच्या सावलीत उभा असे. त्यावर नानांच्या मित्रमंडळींचा तोडगा साधा होता: झाड दिसले की उतरायचे आणि सायकल हातात धरून चालायचे. पायी चालणाऱ्या माणसाला दिवा लागत नाही. एका महाभागाने म्हणे उदबत्ती पेटवून हँडलला लावली होती आणि हवालदाराला, ‘कायद्यात किती मोठा दिवा ते लिहिलेलं नाही’ असे ऐकवले होते. दंड झालाच, पण नुसता दिव्याचा, असे नाना सांगत.

इथवर सगळे लक्ष पुढच्या दिव्याकडे. मागचे काय? याच प्रश्नावरून इंग्लंडात मोठे रण माजले होते. रस्त्यावर मोटारी वाढल्या, त्या मागून येऊन सायकलींना उडवू लागल्या. मोटारवाल्यांचे म्हणणे, सायकलला मागे तांबडा दिवा सक्तीचा करा. १८७८ साली स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघटनेने याला कडाडून विरोध केला. तुम्हा-आम्हाला हे वेडेपण वाटेल, पण त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. ते म्हणत, समोर जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल अशाच वेगाने गाडी हाकणे हे हाकणाऱ्याचे काम आहे. आज तुम्ही सायकलला दिवा बांधायला लावाल, मग पायी चालणाऱ्याचे काय? गायीगुरांचे काय? आणि माझा मागचा दिवा वाटेत विझला, मला पाठीला डोळे नसल्यामुळे ते कळले नाही आणि तुम्ही मला उडवलेत, तर अपराधी मी!

मला हा मुद्दा फार पटतो. कर्जदार बुडाला की जामीनदाराच्या दारात जाण्याची पद्धत मी रोज पाहतो. धक्का देणाऱ्याची जबाबदारी धक्का खाणाऱ्याच्या खात्यावर नावे टाकायची, आणि तीही रस्त्यावरच्या सगळ्यांत गरीब माणसाच्या, हा जमाखर्च बरोबर नाहीच. आपल्या म्हशींनी हा हिशेब कधीच मानलेला नाही. त्या अंधारात रस्त्याच्या मधोमध बसतात आणि जगाला थांबायला लावतात. पण म्हशीचे वजन पाचसहाशे किलो असते. मुद्दा बरोबर असून भागत नाही, तो मांडायला अंगात वजनही लागते.

शेवटी वाद मिटवला तो युद्धाने. १९३९ साली इंग्लंडात ब्लॅकआउट झाला; रस्त्यावरचे दिवे गेले, वाहनांच्या दिव्यांवर झाकणे आली. परिणाम असा की १९४१ या एका वर्षात तिथे रस्त्यांवर ९,१६९ माणसे मेली. बॉम्ब चुकवायला केलेल्या अंधारात माणसे मोटारीखाली आली. १९४५ साली कायदा झाला आणि सायकलचा मागचा तांबडा दिवा कायमचा सक्तीचा ठरला. (१९७१ च्या युद्धात आपल्याकडेही गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवला होता.) तात्त्विक वादात सायकलवाले हरले असे मी म्हणणार नाही. वाद बरोबर असूनही दिवा लावावा लागतो, एवढेच त्या आकड्याने ठरवले.

यापुढचा इतिहास झपाट्याचा आहे. १९६२ साली निक होलोन्याक यांनी तांबडा प्रकाश देणारा एलईडी केला. तो पुढे घड्याळात, कॅल्क्युलेटरमध्ये आणि १९९० नंतर सायकलच्या मागे लुकलुकू लागला. पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी हवा होता. तो तेजस्वी निळा दिवा जपानमध्ये १९९० च्या दशकात साधला, आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. लिथियमच्या बॅटरीसाठी २०१९ चे नोबेल तिघांत वाटले गेले. त्यांतल्या सत्त्याण्णव वर्षांच्या आजोबांचे आडनाव होते गुडइनफ. मराठीत ‘चालेल की!’ स्वस्त वस्तू घेताना नवराबायकोत शेवटी ज्या शब्दावर एकमत होते, तेच आडनाव लावून माणसाने नोबेल घ्यावे, याहून मध्यमवर्गाचा मोठा सन्मान नाही. नानांच्या डायनॅमोवरचा बल्ब अडीच वॉटमध्ये वीसपंचवीस लुमेन उजेड द्यायचा. आजचा एलईडी तेवढ्याच विजेत दोनशेच्या वर देतो. दोन नोबेल पारितोषिके खर्ची पडल्यावर सायकलचा दिवा पावभाजीच्या प्लेटीएवढा स्वस्त झाला.

तेव्हा आता माझ्या तरुण मित्राचे उत्तर.

पहिली गोष्ट, लुमेनच्या आकड्याने आपल्याला कात्रजचा घाट दाखवू द्यायचा नाही. एक मेणबत्ती म्हणजे साधारण बारा लुमेन. आगपेटीएवढ्या डबीत पाच हजार लुमेन, म्हणजे चारशे मेणबत्त्या, आणि त्याही चार तास? एवढी वीज त्या डबीत मावतच नाही. लुमेन हा एकूण उजेडाचा हिशेब आहे, म्हणजे बँकेच्या भाषेत एकूण ठेवी. त्यातला किती उजेड रस्त्यावर पडला आणि किती झाडावरच्या वटवाघळांना वाटला गेला, ते लुमेन सांगत नाही. जर्मन लोकांनी यावर नियमच केला आहे: उजेडाला वरच्या बाजूने कातर मारलेली हवी, म्हणजे तो रस्त्यावर पडेल आणि समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही. (याच जर्मनांनी सायकलला डायनॅमोच पाहिजे हा हट्ट २०१३ पर्यंत सोडला नव्हता.)

दुसरी गोष्ट, ‘दिसणे’ आणि ‘बघणे’ यांची खाती वेगळी ठेवायची. रस्त्यावर विजेचे खांब असतील तर तुम्हाला बघायला फार उजेड लागत नाही. तुम्ही दिसायला हवे. त्याला शेदीडशे रुपयांचा मागचा तांबडा दिवा आणि पुढे तेवढाच एखादा पांढरा पुरतो. खांब नसलेल्या रस्त्यावर पुढे तीनचारशे खरे लुमेन असावेत, तोंड खाली, रस्त्याकडे. हजार-बाराशेत ते मिळतात. टेकडीची पायवाट मात्र खर्चिक. तिथे समोरून कोणी येत नाही, पण दगड, मुळे, खड्डे सगळे येते. उजेड रुंद पाहिजे आणि दुसरा एक दिवा डोक्यावरच्या हेल्मेटला हवा. कारण वळणावर हँडल सरळ असते आणि मान आधीच वळलेली असते. तो हेल्मेटचा दिवा लावून गावात येऊ नये. ज्याच्याकडे पाहाल तो आंधळा होतो.

तिसरी, पैसे एकाच दिव्यापुरते असतील तर? जगभर लोक पुढचाच घेतात, मीही पूर्वी हेच सांगितले असते. पण हा उतारा पाहिल्यावर मी म्हणेन, खांबांच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने आधी मागचा घ्यावा. पुढून येणारा निदान आपल्यालाही दिसतो. मागून येणाऱ्याचे सगळे त्याच्या हातात.

मित्राने हे सगळे टिपून घेतले आणि अखेर घ्यायचा तोच महागातला दिवा घेतला. सल्ला मागणाराची ही रीतच आहे. पण त्या नादात एक गोष्ट लक्षात आली. आमच्या इमारतीला रात्रपाळीला येणारे वॉचमनमामा गेली कित्येक वर्षे गावाहून नऊ किलोमीटर सायकलने येतात. निम्म्या वाटेवर खांब नाहीत. सायकलला दिवा पुढे नाही, मागे नाही, आणि ‘लुमेन’ हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही. मी विषय काढला तेव्हा ते हसले.

“साहेब, वाट पायाखालची आहे. डोळे मिटून येईन. मला समदं दिसतं.”

“तुम्हाला दिसतं हो मामा. तुम्ही दिसत नाही.”

ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “ते बाकी खरं.” शाखेतल्या चौघांनी पन्नास-पन्नास रुपये काढून एक तांबडा दिवा आणला आणि त्यांच्या सीटखाली बसवला. आठवड्याने पाहतो तर दिवा खिशात. लावला की सेल संपेल, म्हणून जपून ठेवलेला! सेल उन्हात वाळवणाऱ्यांच्या पिढीचा माणूस. याला सेल नाही, मोबाइलसारखा विजेवर भरतो, हे पटवायला आणखी आठ दिवस गेले.

आता ते दर दोन रात्रींनी आमच्या शाखेतल्या खिडकीजवळच्या प्लगवर तो भरायला लावतात. परवा आमच्या हेडकॅशियरनी चष्म्यावरून विचारले, “ही वीज कोणत्या खात्यावर?” मी कागद घेतला आणि हिशेब करून दिला. त्या दिव्याची बॅटरी एवढीशी, की पाचशे वेळा भरावी तेव्हा कुठे विजेचे एक युनिट होते. म्हणजे हजार रात्रींना एक युनिट. हेडकॅशियरनी आकडेमोड दोनदा तपासली, कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, “ऑडिटरने विचारलं तर मी बघतो. पावणेतीन वर्षांनी.”